ओंकारला भेटायला कोणी येऊ नये

६ जुलै

नेतृत्व शिबिरातले व्याख्याते म्हणाले, सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या माणसाने डायरी लिहावी, पुढे आत्मचरित्राला मजकूर तयार सापडतो. मी दोन वेळा सरपंच होतो, सध्या दूध संस्थेचा अध्यक्ष आहे. जिल्हा परिषदेच्या निवडणुका जेव्हा केव्हा लागतील तेव्हा आमच्या गटातून माझेच नाव आहे, असे आमच्या पक्षाचे साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाले आहेत. म्हणून आजपासून सुरुवात.

सुरुवातीलाच घरगुती विषय आला, त्याला इलाज नाही. नातू ओंकार, वय सहा महिने, आज श्रीगोंद्याच्या दवाखान्यातून घरी आला. न्यूमोनिया. जन्मल्यापासून ही तिसरी खेप. तोंडात पांढरे चट्टे आहेत, जुलाब थांबत नाहीत, अंगावर मांस धरत नाही. पण भेटायला लोटलेली माणसे बघून ऊर भरून आला. काष्टीहून तर टेम्पो करून आले. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आमच्याकडचा धर्म आहे. लग्नाला गेले नाही तर एक वेळ माफ होते, दवाखान्यातून आलेल्याला भेटायला गेले नाही तर बोलणे तुटते. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणतो, बाळाला मांडीवर घेतो, गालाचा मुका घेतो, ‘लई वाळलं वो लेकरू’ म्हणतो, एक झाडपाल्याचे औषध सांगतो आणि चहा पिऊन जातो.

हनुमंतच्या आईचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा याच्या निम्मीही माणसे नव्हती. हनुमंत म्हणजे आमचे उपसरपंच. माझ्याच सतरंज्या उचलून मोठा झाला आणि आता माझ्याच जागेवर डोळा ठेवून आहे. तोही आला होता. पुडा लहान होता.

सूनबाईचा, म्हणजे अश्विनीचा, चेहरा मात्र दिवसभर उतरलेला. एका पाहुण्याला तर ती म्हणाली, ‘आधी हात धुवा, मग घ्या.’ तो गृहस्थ माझ्या संस्थेचा संचालक. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

१४ जुलै

ओंकारला पुन्हा ताप. नगरला नेले. (अहिल्यानगर. सभेत मी बरोबर म्हणतो, घरात चुकतो.) तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, रोगाशी लढणाऱ्या पेशी याच्या अंगात जवळजवळ नाहीतच, पुण्याला न्या. मी म्हणालो, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या, भारीतले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मी साहेबांचा माणूस आहे का, असे विचारायचे असेल.

१८ जुलै, पुणे

डॉक्टर एक तरुण बाई निघाल्या. नाव पंकजा. मी माजी सरपंच, विद्यमान अध्यक्ष वगैरे ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, ‘बाळाचे आजोबा ना? बसा.’

त्यांनी सगळे खोदून विचारले. याच्या आधी मूल दगावले का? ज्ञानेश्वर, माझा मुलगा, खाली मान घालून बसला, म्हणून मीच सांगितले. सृष्टीच्या पाठीवर एक मुलगा झाला होता, तीन महिन्यांचा होऊन तापाने गेला. नजर लागली. सृष्टी म्हणजे माझी नात, दुसरीत आहे.

मग त्यांनी विचारले, नवरा-बायको नात्यातले आहेत का? हा प्रश्न मला फार आवडला. पुण्याच्या माणसाला आमच्या चालीरीतींची आस्था वाटते, हे थोडे नाही. मी सविस्तर सांगितले. अश्विनी ही आमच्या साळूबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सख्ख्या भावाची मुलगी. तिच्या बारशात पाळण्याची दोरी हातात धरून मी चार माणसांत शब्द टाकला होता की ही माझी सून. मोठी झाल्यावर ज्ञानेश्वर जरा का-कू करत होता, त्याला मी गप्प केला. मामाची मुलगी म्हणजे हक्काची. घरातली लेक घरात आली, सासू म्हणजे आत्या, सासरा म्हणजे मामा, भांडायला परके कुणी नाही. बाईंनी सगळे लिहून घेतले. अश्विनी माझ्याकडे बघत होती.

आजाराचे नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. बाई म्हणाल्या, शेताला कुंपण नाही असे समजा. आपल्याला होते ती साधी सर्दीसुद्धा याचा जीव घेऊ शकते. उपाय एकच. हाडाच्या आत जिथे रक्त तयार होते तो गर, त्याला मज्जा म्हणतात, ती कुणाची तरी जुळली तर बाळाला द्यायची. म्हणजे नवे कुंपण त्याच्या अंगात उगवेल. तोवर बाळ जपायचे. जवळ फक्त आई आणि वडील, तेही हात धुवून आणि तोंड बांधून. गोठा लांब. पाणी उकळून. पाहुणे बंद.

‘बंद म्हणजे किती वाजल्यापासून?’ मी विचारले.

‘बंद म्हणजे बंद.’

बाईंना खेड्याचा अनुभव नाही.

१९ जुलै

आज लिहिण्यासारखे काही नाही.

२१ जुलै

ज्ञानेश्वरने मला बाहेर चहाच्या टपरीवर नेले आणि बाईंनी काय सांगितले ते समजावले. तो शेतीचा पदवीधर आहे, त्याला बियाण्याचे कळते.

‘आबा, माझ्यात एक खोट हाय. अश्विनीत तीच खोट हाय. एकेकटी असली तर कुनाला कळत बी न्हाई. पन आमचं दोघांचं मूळ एकच ना. आईकडची ती अन् मी बी. दोन्हीकडून तीच खोट पोरात उतरली. पहिल्या पोरात बी उतरली हुती. त्याला नजर लागली न्हवती.’

मी म्हणालो, ‘ह्या पुस्तकातल्या गोष्टी हायेत. आपल्या किती पिढ्या अशाच आल्या. सगळ्यांना झालं का?’

तो म्हणाला, ‘किती लेकरं गेली त्याचा हिशेब कुनी ठेवलाय?’

मी चहा अर्धा टाकला. फार गोड होता. साळूबाईला हे सगळे कोणी सांगितले कुणास ठाऊक, ती आज जेवली नाही. मीही जेवलो नाही, पण ते पित्तामुळे.

२९ जुलै

बाळ वस्तीवर आणले आहे. महिन्याला एकदा पुण्याला जाऊन शिरेतून औषध चढवायचे, बाकी इथे मागच्या खोलीत. अश्विनीने ती खोली धुऊन काढली, पडदे जाळले, पोती-पिंपे बाहेर काढली. सृष्टीने बाहेरच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘ओंकारला भेटायला कोणी येऊ नये.’ अक्षर वळणदार आहे, पण एवढा रुक्षपणा पुढाऱ्याच्या दारावर बरा दिसत नाही. मी खाली ‘ही नम्र विनंती’ असे घातले.

विनंतीचा उपयोग झाला नाही. ‘येऊ नये’ हे बाकीच्यांसाठी, आपल्यासाठी नव्हे, असेच प्रत्येकाला वाटते. बाहेर खुर्च्या टाकल्या, माणसे बसली, आणि आत सोडत नाहीत म्हटल्यावर चेहरे बदलू लागले. ‘आमी काय म्हारोगी हाय का?’ असे एक जण म्हणाला. ही सगळी मते आहेत. तेव्हा मी एक तोडगा काढला, आणि तो साधा माणूस काढू शकला नसता. आत अश्विनीचा मोबाईल, बाहेर माझा. व्हिडिओ कॉल. माझा मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून ठेवला आणि एकेकाला पुढे बोलावले. पुढे कोण, मागे कोण, ती रांगही मीच लावली. लोकांनी मोबाईलकडे बघून चुटक्या वाजवल्या, ‘ओळखलं का मला?’ म्हणून विचारले. काष्टीच्या आत्याबाईंनी तर ताट आणून मोबाईलला ओवाळले, हळद-कुंकू लावले. चार्जिंगच्या भोकात कुंकू गेले आहे, आता फोन वाकडा धरला तरच चार्ज होतो.

पण सगळे समाधानाने परत गेले. रात्री अश्विनीने मोबाईल समोर धरायचे बंद केले. म्हणाली, ‘मामा, त्याला झोपू द्या.’ मी तिला समजावणार होतो, पण खोलीच्या आत जायची मला परवानगी नाही. स्वतःच्या घरात.

७ ऑगस्ट

नवीन हुकूम. घरातल्या सगळ्यांनी तापसर्दीची लस टोचून घ्यायची, म्हणजे आपल्यामुळे बाळाला काही होणार नाही. आरोग्य केंद्रातून सिस्टर आल्या. सृष्टीने सगळ्यांच्या आधी दंड पुढे केला. साळूबाईने डोळे मिटून घेतली. मी तरुणपणी आखाड्यात भल्याभल्यांना चीत केले आहे, त्यामुळे एका सुईचे मला काही वाटत नाही. तेवढ्यात मला आठवले की उसाला पाणी चालू आहे का ते बघायला हवे. गेलो. वीज नव्हती. मग आलीच तर तिथे असावे म्हणून थांबलो.

साळूबाई उसात शिरून मला घेऊन आली. म्हणाली, ‘सभेत म्हनता ना, जनतेसाठी रक्त सांडीन? चला, थेंबभर सांडा.’

हात अजून दुखतो आहे.

२१ ऑगस्ट, पुणे

मज्जा कोणाची जुळते याची तपासणी मागच्या खेपेला झाली, तिचा निकाल आज आला. तपासणीच्या वेळी मी सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो आणि म्हणालो, आधी माझी घ्या. कुळाचे रक्त कुळात. डॉक्टर पंकजा म्हणाल्या, आजोबांची जुळण्याची शक्यता फार कमी असते, सख्ख्या भावंडाची जास्त. मी आग्रह धरला. त्यांनी घेतली. माझी जुळली नाही. यात त्यांच्या मशीनची काहीतरी गडबड असावी.

सृष्टीची जुळली. पूर्ण जुळली. ज्ञानेश्वर तिथेच भिंतीला टेकून रडला. साळूबाईने सृष्टीच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली.

मला आनंद झाला. तरीही एक शंका विचारली, कारण पुढे लोक मला विचारणार. मुलीची मज्जा मुलाला घातली तर तो बायकी निपजणार नाही ना? डॉक्टर पंकजा हसल्या. म्हणाल्या, ‘मुलगा मुलगाच राहील. फक्त त्याचे रक्त यापुढे त्याच्या बहिणीचे असेल. जन्मभर.’

घराण्याचा वारस, आणि रक्त मुलीचे. हे मी गावात सांगणार नाही. मी ज्ञानेश्वरला तसे म्हणालो. साळूबाईने ऐकले.

‘पोरीचं रक्त काय पानचट असतंय व्हय? अन् ती बी तुमचीच ना? का ती कुनाच्या बांधावर उगवली?’

सृष्टीच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढणार आहेत, भूल देऊन. येताना गाडीत ती माझ्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. तिने विचारले, ‘आबा, लई दुखतं का वो?’

मी म्हणालो, ‘न्हाई. मुंगी चावल्यावानी.’

आणि मग काष्टी येईपर्यंत मी बाहेर बघत होतो.

२४ सप्टेंबर, पुणे

आज तो दिवस. आठवडाभर आधी औषधे देऊन बाळाचे अंग नांगरून ठेवल्यासारखे मोकळे केले आहे. मी नवीन नेहरू शर्ट घातला होता. मला वाटले होते, मोठे ऑपरेशन असेल, दिवे, दहा डॉक्टर. प्रत्यक्षात एक पिशवी आली. टोमॅटोच्या साराच्या रंगाची. ती खांबाला लटकवली आणि नळीतून थेंब थेंब बाळाच्या अंगात जाऊ लागली. झाले. ना नारळ, ना फीत, ना कोणी दोन शब्द बोलले. गावात हातपंप बसवला तरी याच्यापेक्षा मोठा कार्यक्रम होतो.

काचेबाहेर उभा राहून मी ती पिशवी रिकामी होईपर्यंत बघितली.

सृष्टी दुसऱ्या मजल्यावर. शुद्धीवर आल्यावर ओकली. कमरेला पट्टी. मी तिला विचारले, काय पाहिजे ते सांग. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, ‘आता ओमला कुनी मारलं तर मला बी लागंल का?’ मी नाही म्हणालो. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.

८ ऑक्टोबर, पुणे

ओंकारचा ताप उतरत नाही. तोंड आतून सोलले आहे, दूध घेत नाही. अश्विनी आत आहे, पायाला प्लास्टिक, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसतात. आम्ही काचेच्या अलीकडे.

साहेबांचा फोन आला. निवडणुका लागायच्या बेतात आहेत, गावात फिरा म्हणाले. हनुमंतने म्हणे तीन ठिकाणी सत्कार घेतले. मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. गाडीचा प्रश्न होता. गाडी खाली उभी होती, पण तरीही.

मला भीती वाटते. हे आत्मचरित्रात घ्यायचे नाही.

१७ ऑक्टोबर, पुणे

डॉक्टर पंकजा स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, ‘आजोबा, उगवण दिसायला लागली.’ नव्या पेशी धरल्या. ताप उतरला. त्यांनी शेतीतला शब्द वापरला म्हणून मला बरे वाटले. मी कॉरिडॉरमधल्या अनोळखी माणसांना पेढे वाटले. सुरक्षारक्षकाने हटकले, त्यालाही दिला.

२८ डिसेंबर

पुढच्या रविवारी ओंकार घरी येणार. आणि निवडणूक जाहीर झाली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

साहेबांचा फोन आला. ‘काकासाहेब, तुमच्या नातवाच्या स्वागताला मी स्वतः येतो. बाळाला कडेवर घेतो, फोटो होईल, आणि तिथंच तुमचं नाव जाहीर करतो. सहानुभूतीची लाट म्हनत्यात ती हीच.’ अशी कल्पना सुचायला मोठा नेताच लागतो.

लगेच तयारीला लागलो. श्रीगोंद्यात फ्लेक्स टाकला. ‘मृत्यूवर मात करणारा बालवीर चि. ओंकार यांचे भव्य स्वागत.’ वर पक्षाची नेतेमंडळी, मध्ये साहेब, उजवीकडे मी हात जोडून, खाली शुभेच्छुक. बाळाचा फोटोही आहे, कोपऱ्यात. बँड सांगितला. फुले उधळायला जेसीबी. गुलालाची पोती.

सृष्टीने मोबाईलवर फ्लेक्सचा नमुना मोठा करून करून बघितला. सगळ्यांची तोंडे तपासली. मग म्हणाली, ‘आबा, माझा फोटू कुठंय?’

मी म्हणालो, ‘जागा नव्हती, बाळा.’

‘हे कोन?’

ते साहेबांचे मेहुणे आहेत. तिला ते सांगून काय उपयोग.

३ जानेवारी

अश्विनीने पुण्याहून फोन केला. फ्लेक्स तिच्यापर्यंत पोचला होता. मी तिला नीट समजावले. गर्दी बाहेर मैदानात राहील. बाळ फक्त दोन मिनिटे, एका फोटोपुरते. डॉक्टर अजून सहा महिने गर्दीपासून जपा म्हणतात, त्यातली दोन मिनिटे. साहेब काही रोज येत नाहीत.

मला वाटले रेंज गेली. मग ती म्हणाली, ‘मामा, पहिल्याला मी सगळ्या गावाच्या मांडीवर दिला हुता. कुनाला न्हाई म्हनले न्हाई. तुमी म्हनाला, माणसं दुखावत्यात. म्हनून दिला. त्याच्या गालावर कुनाकुनाचं तोंड लागलं ते मला अजून पाठ हाय. ह्याला देनार न्हाई.’

मी म्हणालो, बघू.

झोप आली नाही. दिवसा चहा जास्त झाला.

४ जानेवारी

आज जे झाले ते कसे झाले, मला सांगता येत नाही. जमेल तसे लिहितो.

गाडी सकाळीच आली. अश्विनी बाळाला पदराखाली घेऊन मागच्या खोलीत गेली. ज्ञानेश्वरने दारे-खिडक्या लावल्या. दुपारी साहेबांचा ताफा आला. बँड वाजू लागला. माणसे एवढी की बांधावरही उभी. हनुमंत पुढे-पुढे करत होताच. साहेब गाडीतून उतरले. डोळे लाल, नाक लाल. म्हणाले, ‘काय सांगू काकासाहेब, प्रचारानं घसा पार बसलाय. अंगात कणकण हाय. तरी म्हनलं, यायचंच.’ त्यांनी तळहातावर शिंकून घेतले आणि तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला.

‘आना बाळाला.’

आतापर्यंत माझे सगळे ठरल्याप्रमाणे चालू होते. मी आणायला म्हणून वळलो. ओट्यावर चढलो. दाराच्या कडीला हात घातला. आणि आतून ओंकारचा आवाज आला. रडण्याचा नव्हे. काहीतरी बडबडत होता, स्वतःशीच. मी त्याचा आवाज नीट असा कधी ऐकलाच नव्हता, काचेतून ऐकू येत नसे.

मी वळलो. ओट्यावरची बाज ओढली आणि दारात आडवी घातली.

साहेब पायऱ्या चढून वर आले होते. मी हात जोडले. म्हणालो, ‘साहेब, पाया पडतो तुमच्या. मागं सरका.’

ते हसले. त्यांना वाटले, मी चेष्टा करतो आहे. एक पाऊल पुढे आले. मी त्यांच्या छातीला हात लावला. ज्या माणसाच्या गाडीचे दार मी बारा वर्षे उघडत आलो, त्याच्या छातीला हात लावून मी त्याला ओट्यावरून खाली उतरवले. बँड थांबला. तेवढ्यात कुणीतरी उत्साहाने गुलाल उधळला. त्या माणसाला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याची आई समोरच उभी होती.

साहेबांनी नाक पुसले. मग हनुमंत पुढे झाला. ‘साहेब, माझ्याकडं चहा ठेवलाय. आईला बी तुमाला भेटायचंय.’ ताफा वळला. माणसे वळली. बँड वळला. जेसीबीवाल्याने विचारले, फुलं कुठं टाकू? मग तोही त्यांच्या मागे गेला. तासाभरात तिकडून फटाके ऐकू आले. नाव जाहीर झाले. हनुमंतच्या अंगावर जेसीबीने माझ्या पैशाची फुले टाकली.

मी बाजेवर बसून राहिलो. दुसरे काही करायलाही नव्हते.

साळूबाई आली, शेजारी बसली. म्हणाली, ‘बरं झालं.’

मी म्हणालो, ‘काय बरं झालं? वाटुळं झालं.’

ती म्हणाली, ‘व्हय, ते बी झालं.’

६ जानेवारी

दोन दिवस विचार करतो आहे. त्या क्षणी मी घाई केली. साहेबांना बाजूला घेऊन समजावता आले असते. बाळ कापडात गुंडाळून लांबून दाखवता आले असते. मास्क देता आला असता. एवढे राजकारण केलेल्या माणसाला हे सुचू नये? उन्हाचा परिणाम असावा. जानेवारीतही ऊन लागते.

फोन वाजत नाही. दूध संस्थेच्या बैठकीला तिघेच आले. वस्तीवर माणूस फिरकत नाही. जे मला गेल्या जुलैपासून जमले नाही ते एका दुपारीत जमले.

संध्याकाळी मागच्या खोलीचे दार उघडले. अश्विनी उंबऱ्यात आली. मास्क होता, तरी हसते आहे हे डोळ्यांवरून कळले. लग्नानंतर तिला मी असे हसताना पाहिले असेल, पण लक्षात नाही. तिच्या कडेवर ओंकार. डोक्यावर नवे केस आले आहेत, काळेभोर. गालही आले आहेत. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या मिशीकडे.

‘मामा, हात धुवून मास्क लावून या,’ ती म्हणाली. ‘घ्या ह्याला थोडा येळ. डॉक्टर म्हनल्यात, घरातल्यांनी चालंल.’

मी उठलो. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मास्क लावला. ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला.

माझा घसा कालपासून खवखवतो आहे. अंगात किंचित कणकण आहे. फार काही नाही, काढा घेतला तर जाईल. मी कोणाला सांगितलेले नव्हते. साहेबांचा हात खांद्यावर होता तेव्हाचे असेल, नसेलही. अश्विनीला कळायचे काही कारण नव्हते. ओंकारने दोन्ही हात पुढे केले होते.

मी म्हणालो, ‘नको. मला बरं वाटंना. खोकला येतोय.’

अश्विनी चटकन मागे झाली आणि तिने दार लावून घेतले. तसेच करायला हवे होते. मी गोठ्याकडे निघून गेलो. तिथे मला जोरात खोकला आला, आणि डोळ्यांतून पाणी आले. खोकल्याने येतेच.

९ जानेवारी

मी गोठ्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत झोपतो. खोकला वाढला आहे. साळूबाई लांब उभी राहून मला शिव्या देते आणि काढा ठेवून जाते. हनुमंतच्या प्रचाराची गाडी दोनदा बांधावरून गेली. दोन्ही वेळा मी आवाज संपेपर्यंत पाठ करून बसलो.

दुपारी जेवणाचे ताट घेऊन सृष्टी आली. तोंडाला मास्क, केस विंचरलेले, चालताना कंबर आता अजिबात वाकडी नाही. तिने ताट लांब दगडावर ठेवले. मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, म्हणून पुढे झालो.

तिने हात आडवा केला. ‘आबा, तुमी खोकताय. मला घरात ओमकडं जायचंय. मागं सरा.’

मी मागे सरलो.